घरात चौघांचा ‘चांगला जमाना’ चार वेगळ्या वर्षांचा, असं का होतं? (खान्देशातल्या लोकांनी लिहा)

गिरणाकाठ

मंडळी, मी चाळीसगावकडचा, सध्या नोकरीला पुण्यात. प्रश्न राजकारणाचा आहे पण कुठल्या पक्षाची बाजू घेऊन विचारत नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या घरी सण असो की लग्न, जेवणं झाली की जुन्या काळावरून वाद ठरलेला. मोठे काका सत्तरीच्या पुढचे, त्यांचं म्हणणं आणीबाणीसारखी शिस्त परत झाली नाही, गाड्या वेळेवर, साहेब वेळेवर खुर्चीत, भाव आटोक्यात, आणि गावात सगळे एका ओट्यावर बसायचे. वडील म्हणतात १९९५ ला युतीचं सरकार आलं तेव्हा पहिल्यांदा आपली माणसं खुर्चीवर बसली असं वाटलं, एक रुपयात झुणका-भाकर मिळायची. चुलतभाऊ माझ्या वयाचा, त्याच्या मते २०१४ च्या आधी नुसता अंधार, लोडशेडिंग आणि घोटाळे. आणि आत्या म्हणते यशवंतरावांच्या वेळी पुढारी माणसात होते, आता फक्त बॅनरवर दिसतात.

सगळे एकाच घरातले, तीच शेती, तेच गाव. कोणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही, पण चौघांचं ऐकलं की चार वेगळ्या गावांबद्दल बोलून राहिलेत असं वाटतं. आणि हल्ली ह्याच आठवणींचे व्हिडिओ फिरतात, जुना फोटो, मागे हळवं संगीत, आणि शेवटी हळूच कुठल्यातरी पक्षाचं चिन्ह. निवडणूक जवळ आली की ग्रुपवर दिवसाला दहा येतात.

तर माणसं मागचं दशक असं का आठवतात, त्यात राजकारण किती मिसळलेलं असतं, आणि खरं काय होतं ते शोधायचं कसं? आपल्या भागातल्या वयाने मोठ्या लोकांनी जरूर लिहा, कारण छापलेलं जे वाचायला मिळतं ते सगळं दिल्ली-मुंबईचं असतं.

---

जंक्शनवाला (भुसावळ)

गाड्या वेळेवर धावायच्या हे वाक्य मी आयुष्यभर ऐकतोय, म्हणून भुसावळच्या बाजूने लिहितो.

८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, जॉर्ज फर्नांडिस पुढारी, सतरा लाखांच्या आसपास कामगार त्या रेल्वेत. २७ मेला संप मागे घेतला तोवर हजारो लोक आत गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. भुसावळ हे रेल्वेचंच गाव, लोको शेड, यार्ड, चाळी, सगळं रेल्वेवर. आई सांगायची की त्या दिवसात संध्याकाळी चाळीत दिवे लावत नव्हते, माणूस घरी आहे हे बाहेर कळू नये म्हणून. पोरं शेजारच्या घरी झोपवायचे. या सगळ्याला वर्ष उलटलं आणि २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. आता सांगा, ज्या माणसाने शेजाऱ्याची नोकरी जाताना पाहिली तो गाडी लेट करेल का? वेळेवर धावत होत्या हे खरंच आहे भाऊ, मी नाही म्हणत नाही, पण प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्याला फक्त घड्याळ दिसायचं, चाळीतल्या माणसाला बाकीचंही दिसायचं.

भावाचं पण असंच. १९७४ मध्ये महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर गेली होती. ती मोडायला सरकारने जे कडक उपाय केले, पगारवाढ आणि महागाई भत्त्याचा काही भाग सक्तीने जमा करून ठेवायचा वगैरे, ते १९७४ च्या जुलैतले, म्हणजे आणीबाणीच्या वर्षभर आधीचे. आणि १९७५ चा पाऊस चांगला झाला, देशात धान्य १२ कोटी टनांवर गेलं, त्या वेळचा विक्रम. भाव उतरले त्यात पावसाचा वाटा मोठा. पण पाऊस काय कोणत्या पक्षाचा नसतो, म्हणून आठवणीत त्याचं नाव येत नाही, शिस्तीचं येतं.

अजून एक गोष्ट मला फार दिवसापासून खटकते. १९७७ ला जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, संपात काढलेल्या लोकांना त्यांनी परत कामावर घेतलं. सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर गादी आली ती त्यांच्याच काळात, आज कोट्यवधी लोक त्यावर झोपून प्रवास करतात. पण ‘जनता सरकारचे सोनेरी दिवस’ असा व्हिडिओ कोणाला आलाय का? ते सरकार तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आधी पडलं, पक्ष फुटला, आणि आज त्या आठवणीला सांभाळणारं दुकान कोणाचंच नाही. जी आठवण मिरवायला आज एखादा पक्ष उभा आहे तीच टिकते असं माझं स्पष्ट मत झालंय.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

गिरणाकाठ भाऊ, तुझ्या काकांचं ते ‘सगळे एका ओट्यावर बसायचे’ वाचून लिहायला बसलो.

माझे आजोबा सालदार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस त्या घरचा. इतकं धान्य, इतके रुपये, एक जोडी कपडे, असं काहीतरी. लग्नाला नाहीतर दुखण्याला उचल घेतली असेल तर ती फिटेपर्यंत पुढचं साल पण त्याच घरी, आणि हिशोबाची वही मालकाकडे. साल ठरवायच्या दिवशी ओट्यावर सगळे असायचे हे अगदी बरोबर. मालक खाटेवर, त्यांचे भाऊबंद ओट्यावर, आणि आजोबा खाली, चपला काढतात तिथे उकिडवे बसलेले. वडिलांना ते नीट आठवतं कारण ते आजोबांच्या पाठीशी उभे असायचे आणि त्यांना पायरी चढायची नाही असं बजावून ठेवलेलं. त्या घरातला नातू आज माझा चांगला दोस्त आहे, त्याच्या आठवणीत पण तोच ओटा, तीच आखाजी, झोके, पुरणपोळी, आमरस. दोघं खरंच सांगतात. फक्त तो वरून पाहत होता.

पण म्हणून ‘आणीबाणी म्हणजे नुसता जुलूम’ असं सरसकट बोलणं पण मला पटत नाही, आणि हे शहरातल्या लोकांना ऐकायला आवडत नाही. आमच्याकडे १९७२ पासून चळवळ पेटलेली होती. आदिवासी पुढारी अंबरसिंग सुरतवंती, नंतर श्रमिक संघटना, गेलेल्या जमिनी परत मागणं, सालदारांची मजुरी, बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली ते सगळं तेव्हाचं. त्या दबावातून १९७४ चा कायदा झाला, १९५७ ते १९७४ च्या दरम्यान आदिवासींच्या ज्या जमिनी बिगर आदिवासींकडे गेल्या त्या परत देण्याचा. तो लागू झाला १९७५ मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असताना. त्याच काळात वेठबिगारी बंदीचा वटहुकूम, त्याच काळात छोट्या शेतकऱ्यांचं आणि मजुरांचं सावकारी कर्ज रद्द. आता ज्या घरात तेव्हा चार एकर परत आले त्या घरात इंदिराबाईंचा फोटो देवाशेजारी राहणारच. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस धुऊन निघाली तरी नंदुरबारची जागा तिच्याकडेच राहिली आणि पुढे थेट २०१४ पर्यंत राहिली, ते काय उगाच?

माझी तक्रार वेगळी आहे. आठवणीत ‘बाईंनी जमीन दिली’ एवढंच उरलं. अंबरसिंग १९७४ मध्येच गेले. त्यांचं नाव आमच्या तालुक्याबाहेर किती लोकांना माहीत आहे? ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ज्या बाया मोर्चात चालल्या, त्यांनी मागितलं म्हणून मिळालं, हा भाग गळून गेला आणि देणारा हात तेवढा राहिला. मग पुढचे पुढारी पण त्याच आठवणीवर येत राहिले, सोनियाजींच्या प्रचाराची सभा नंदुरबारला, आधार कार्डाची देशातली सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला इथल्या टेंभलीत. राजकारण असंच करतं, लोकांनी लढून मिळवलेलं असतं ते दान म्हणून परत सांगतं. आणि हे एकच पक्ष करतो असं नाही, आता दुसरे तेच करून राहिलेत.

---

कपाशीवाला_पारोळा

आमच्या भागात आठवण निघते ती एकाधिकार कापूस खरेदीची. १९७२ ला सुरू झाली, कापूस फक्त सरकारला विकायचा, व्यापाऱ्याला नाही. आज कापसाचा भाव पडला की पारावर कोणी ना कोणी बोलतंच, एकाधिकार होतं तेव्हा बरं होतं. मी त्या रांगेत बैलगाडी घेऊन उभा राहिलेला माणूस आहे म्हणून सांगतो. गाडीवर रात्र काढायची, बैलांचा चारा सोबत, दिवाळीनंतरची थंडी. आपला नंबर आला की ग्रेडर गाडीत हात घालून मूठभर कापूस काढणार, दोन्ही चिमटीत धरून धागा ताणून बघणार, आणि एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर वर्ष ठरायचं. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हप्त्याहप्त्याने. मध्य प्रदेश गुजरातमध्ये भाव जास्त असला की लोक रात्री गाड्या भरून हद्दीपलीकडे न्यायचे, आपलाच कापूस चोरासारखा. आपलं पीक आपल्याला हवं तिथे विकता येत नाही, हे विसरायचं कसं?

तरी लोक ती आठवण का काढतात तेही मला समजतं. भाव काय मिळणार हे आधी माहीत असायचं, आणि खाजगीवाल्याने पाडून मागितला तर पाठीशी काहीतरी होतं. आज सकाळी एक भाव संध्याकाळी दुसरा. माणूस त्या योजनेची आठवण काढत नाही, भरवशाची काढतो. सरकार कोणाचंही असो, ही भूक कोणीच भागवत नाही आणि प्रत्येक निवडणुकीला तिच्यावर भाषण मात्र करतात.

स्वस्ताईबद्दल माझी माय अहिराणीत एकच सांगायची, तवय सस्ताई व्हती पन खिसामा दाम कोठे व्हता?

---

सराफगल्ली_जळगाव

स्वस्ताईवरून. ‘तेव्हा तोळा साडेपाचशेला होता’ असा मेसेज दर दिवाळीला येतो. मी कारागिराच्या घरातली. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. आपल्याकडे चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? कारागीर रातोरात रिकामे झाले. कोणी शेतावर गेलं, कोणी चहाची गाडी लावली. नंतर सवलती मिळाल्या पण १९६८ चा कायदा पार १९९० पर्यंत डोक्यावर होता. आत्याबाईंच्या त्या सुंदर साठच्या दशकात आमच्या घरात चूल एकदाच पेटायची असं आजी सांगायची. जळगावला सुवर्णनगरी म्हणून मिरवतात तेव्हा ही गोष्ट कोणी काढत नाही, खरं तर त्या लोकांनी तग धरला म्हणून नगरी राहिली.

आणि दादा, तुमच्या प्रश्नात बायकांचं मत एका ओळीत आलंय. आत्यांना पुढाऱ्यांबद्दल विचारलंत, एकदा पाणी कुठून आणायच्या, दळण कुठे, चुलीला सरपण कोण आणायचं आणि शाळा कितवीला सुटली हेही विचारा.

---

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

चांगला धागा आहे, सगळ्यांचं सविस्तर वाचलं. थोडं शास्त्राचं लिहितो, वर्गात शिकवायचो तसं झालं तर सांभाळून घ्या.

मानसशास्त्रात एक पक्की गोष्ट आहे, माणसाला आयुष्यातला साधारण दहा ते तीस वयाचा काळ सगळ्यात जास्त आणि ठळक आठवतो. रेमिनिसन्स बम्प म्हणतात त्याला. पहिली नोकरी, लग्न, पहिली सायकल, सगळं तेव्हाचं. काका आज सत्तरीचे म्हणजे आणीबाणीत विशीचे. वडील १९९५ ला तरुण असणार. अंगात ताकद होती, आईबाप जिवंत होते, गुडघे दुखत नव्हते, आणि त्या वेळी जे सरकार होतं त्याच्या खात्यावर हे सगळं जमा होतं. दुसरं असं की वाईट आठवणीची धार काळाबरोबर चांगल्या आठवणीपेक्षा लवकर बोथट होते. तिसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ज्यांचं सगळ्यात वाईट झालं ते सांगायला उरत नाहीत. १९७१ च्या सुमारास देशात हजार जन्मलेल्या मुलांमागे १२९ मुलं वर्षाच्या आत जायची, आज तो आकडा तीसच्या खाली आहे. सरासरी आयुष्य तेव्हा पन्नासच्या आसपास होतं. ‘आमच्या वेळी माणसं धट्टीकट्टी होती’ असं म्हणतात तेव्हा जी धट्टीकट्टी होती तीच आज समोर बसलेली असतात.

मग राजकारण काय करतं, तर ह्या नैसर्गिक हुरहुरीला एक नाव आणि एक शत्रू जोडून देतं. तुमचे दिवस गेले असं म्हणत नाही, तुमचे दिवस अमक्याने हिरावले असं म्हणतं. फिलिपिन्समध्ये हेच झालं. तिथे १९७२ ला मार्कोसने मार्शल लॉ लावला, माणसं तुरुंगात, छळ, वर्तमानपत्रं बंद. १९८६ ला लोकांनी त्याला घालवलं. आणि २०२२ ला त्याचाच मुलगा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, प्रचारात सोशल मीडियावर तो काळ म्हणजे सुवर्णयुग असे व्हिडिओ भरभरून फिरत होते. बघणाऱ्यांत कितीतरी जण तेव्हा जन्मलेले पण नव्हते. न जगलेल्या काळाची पण ओढ लावता येते, मला त्याचीच काळजी वाटते.

आपल्याकडे आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या वर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करून ठेवलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. आमच्या आधीच्या पिढीतले शिक्षक सांगायचे, केस आणा नाहीतर पगाराचं बघा. गावात मास्तर येताना दिसला की लोक शेतात निघून जायचे. ज्या मास्तरला पाहून माणसं पळतात तो मुलं कशी शिकवणार, त्या गावांनी शाळेवरचा विश्वास परत यायला किती वर्षं वाट पाहिली असेल याचा हिशोब कोणी ठेवला नाही. काकांना शिस्त आठवते ती आठवू द्या, पण हेही त्यांच्यासमोर ठेवा.

चुलतभावाचं पण ऐका आणि तपासा. २०१४ च्या आधीचं लोडशेडिंग खरं होतं, खेड्यात बारा-बारा तास लाइट नसायची, मुलांनी दिव्याखाली अभ्यास केला, मी पाहिलंय. पण ‘आधी काहीच नव्हतं’ ही सुद्धा आठवणीची काटछाटच, फक्त उलट बाजूने. कोणाला मागचं सगळं सोन्याचं दाखवून मतं हवी असतात, कोणाला मागचं सगळं कोळशाचं दाखवून.

---

केळीबाग_रावेर

मास्तरांचं सगळं पटलं पण एक सांगतो, जुनं चांगलं म्हटलं की लगेच ‘तुम्ही तरुण होते म्हणून’ असं म्हणून गप्प नका करू. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात पाणी खाली गेलं ही काय आठवण नाही, ती विहीर आहे, जाऊन वाकून बघा. मोटेने पाणी काढलेल्या विहिरी आज कोरड्या, बोअर करून करून माणसं कर्जात. केळीला पाणी लागतं, आम्हीच उपसलं, हेही खरं. अमळनेरची, धुळ्याची गिरणी बंद पडली तेव्हा भोंगा बंद झाला आणि पगार पण. हे नुकसान मोजता येतं. दुःख खरं असतं, त्याचं कारण चुकीचं सांगतात, फरक एवढाच करा.

फैजपूरचं उदाहरण देतो. डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आमच्या फैजपूरला झालं, अध्यक्ष नेहरू. इथल्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी त्याचा उल्लेख करतो. नंदलाल बोसांनी बांबूची केलेली सजावट, लोटलेली गर्दी, हे सगळ्यांना पाठ. पण त्याच अधिवेशनात शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला होता, सारा आणि खंड कमी करा, कर्जाच्या ओझ्यातून सोडवा. हा भाग भाषणात येत नाही. कसा येणार, ती मागणी अजून चालूच आहे, म्हटली की उत्तर द्यावं लागेल. सजावट आठवायला काही लागत नाही.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सराफगल्ली ताई, आत्याला फोन लावतो, तुम्ही सांगितलेलेच प्रश्न विचारतो.

सातपुडा भाऊ, एक विचारू? आमच्याकडे पण सालदार होते हे मला माहीत आहे, पण घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. तेव्हाचं काही कागदावर सापडेल का? आणि मास्तर, गावाची त्या वेळची परिस्थिती कुठे बघायची?

---

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिका बघ, १९६१, १९७१, १९८१ च्या. गावागावाची लोकसंख्या, किती लिहिता-वाचता येणारे, शाळा, पिण्याचं पाणी, वीज, रस्ता, सगळं गाववार असतं. जनगणना खात्याच्या साइटवर स्कॅन आहेत. जळगावचं गॅझेटियर १९६२ चं, धुळ्याचं १९७४ चं, तेही ऑनलाइन आहे. काका ज्या वर्षाबद्दल बोलतात त्या वर्षाच्या जवळचं पान काढून त्यांच्यासोबत बसून वाच, वाद घालायला नको, ते स्वतःच चार गोष्टी आठवून सांगतील.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

सालदाराचा सरकारी कागद शक्यतो नसतो भाऊ, बोली तोंडी आणि वही मालकाची. म्हणजे असली तर तुमच्याच घरात असेल, माळ्यावर जुन्या दप्तरात बघ, लाल कापडाच्या बांधणीची लांबडी वही असते. जमिनीचं मात्र सापडतं. तहसीलला अर्ज कर आणि तुमच्या गट नंबरचे जुने फेरफार माग, १९५७ पासून १९८० पर्यंतचे. आणि वही मिळाली तर त्यात जी नावं असतील त्यांच्या घरचे लोक अजून गावात असतील, आधी त्यांच्याकडे जाऊन बस, मग इथे लिही.